फ्लूच्या साथीत विमानाने कोकणात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो. एकदा जानेवारी ते मार्चमध्ये आणि दुसऱ्यांदा पावसाळ्याच्या उत्तरार्धात. कोकणाला ही दुसरी वेळ जास्त नडते, कारण नेमक्या त्याच दिवसांत चाकरमानी गणपतीला गावी निघतात आणि घरी वाट बघत असतात सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा. चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळावर किंवा गोव्यातल्या मोपा, दाबोळीला उतरून सिंधुदुर्गात येणाऱ्यांना आणि इथून मुंबईमार्गे पुढे जाणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

विमानात एकाला फ्लू असेल तर सगळ्यांनाच लागतो का?

नाही. हवेत असलेल्या विमानाची वायुवीजन व्यवस्था बहुतेकांच्या समजापेक्षा बरीच चांगली असते. मोठ्या जेट विमानांत केबिनमधली हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलते. तिच्यातली निम्मी बाहेरून येते आणि उरलेली हेपा गाळणीतून गाळून परत सोडली जाते. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. हवा छतातून येते आणि त्याच रांगेच्या आसपास, खिडकीखालच्या फटींतून खाली ओढली जाते. पुढून मागे असा वारा लांबवर वाहत नाही. म्हणून पाचव्या रांगेतल्या खोकल्याची झळ पंचविसाव्या रांगेला सहसा बसत नाही.

ज्यांना खरा धोका असतो ते म्हणजे रुग्णाच्या शेजारचे, पुढच्या-मागच्या एक-दोन रांगांतले आणि त्याला वाकून सेवा देणारे कर्मचारी. संसर्गजन्य आजाराचा रुग्ण सापडला की संपर्कातल्यांचा शोध घेताना साधारणपणे पुढच्या आणि मागच्या दोन-दोन रांगा धरतात, त्याचं कारण हेच.

मग लागण होते तरी कुठे?

जमिनीवर. या पानावरचं एकच लक्षात ठेवायचं तर हे ठेवा: काळजी घ्यायची वेळ विमान उडाल्यावर नाही, त्याच्या आधी आणि नंतर असते.

१९७७ साली अलास्कात ५४ जण असलेलं एक जेट विमान इंजिनाच्या बिघाडामुळे काही तास जमिनीवर अडकून पडलं. त्या वेळात वायुवीजन बंद होतं आणि आत फ्लूची एक आजारी प्रवासी होती. तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. विमान तेच आणि माणसंही तीच, फक्त हवा हलत नव्हती.

आपल्याकडे पावसाळ्यात हीच परिस्थिती सहज ओढवते. मोपा किंवा चिपीवर पाऊस आणि ढग उतरले की विमान मुंबईतच ताटकळतं, नाहीतर दुसरीकडे वळवलं जातं. अशा वेळी दारं बंद, लोक आत आणि वरच्या झरोक्यातून वारा नाही असं दिसलं तर गप्प बसू नका. कर्मचाऱ्यांना बोलवा आणि "हवा सुरू नाही, सुरू करता येईल का?" असं सरळ विचारा. वारा येईपर्यंत मास्क काढू नका, खाऊ-पिऊ नका.

बाकी ठिकाणं रोजच्या पाहण्यातली आहेत: सुरक्षा तपासणीची रांग, गेटपासून विमानापर्यंत नेणारी खचाखच भरलेली बस, सामान येईपर्यंत पट्ट्याभोवतीची गर्दी. उतरल्यावर तर आठ माणसं कोंबलेली, काचा वर केलेली, एसी फिरवत गावापर्यंत जाणारी गाडी. मोपाहून कुडाळ किंवा मालवणपर्यंतचा रस्ता तासाच्या वर जातो. तेवढ्या वेळात त्या गाडीत विमानापेक्षा जास्त धोका असतो. मागच्या दोन काचा चार बोटं खाली ठेवा. एसी लावायचाच असेल तर आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घेणारं चालू ठेवा.

चिपीला येणाऱ्या पंख्यांच्या छोट्या विमानांचं काय?

चिपीच्या सेवेत एटीआर ७२ जातीची विमानं वापरली गेली आहेत. दोन-दोनच्या रांगा आणि सत्तरेक आसनं. हवा इथेही सतत बदलते, पण छोट्या विमानांत हेपा गाळणी असेलच असं धरून चालू नका. शिवाय एटीआरला जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. उजवं इंजिन पंखा रोखून चालू ठेवायची सोय बऱ्याच एटीआरमध्ये असते, पण ती प्रत्येक थांब्यावर वापरतातच असं नाही. म्हणून या विमानात चढल्यापासून ते धावपट्टीवर धावायला लागेपर्यंत मास्क घट्ट हवा. उड्डाण तासा-दीड तासाचंच असतं. पूर्ण वेळ ठेवलात तर उत्तमच.

मला ताप आहे, गणपती परवा आहेत. पॅरासिटामॉल घेऊन निघू का?

नका निघू. गोळीने ताप उतरतो, विषाणू बाहेर पडायचा थांबत नाही. उलट तापमापकावर आकडा बरा दिसल्याने तुम्ही आणि इतर सगळेच गाफील राहता. फ्लूमध्ये पहिले तीन दिवस माणूस सगळ्यात जास्त विषाणू पसरवतो, म्हणजे नेमके तेच दिवस ज्यांत आपण "अंगावर काढू" म्हणतो.

आणि तुमच्या प्रकृतीचाही प्रश्न आहे. केबिनमधला हवेचा दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो आणि आर्द्रता १० ते २० टक्क्यांवर येते. तापाने आधीच सुकलेल्या, धाप लागणाऱ्या शरीराला हे झेपत नाही.

गणपतीची तारीख पुढे जात नाही हे आम्हालाही कळतं. पण घरातले बाकीचे धडधाकट असतील तर त्यांना पुढे जाऊ द्या, तुम्ही गौरीला किंवा विसर्जनाला पोहोचा. प्रतिष्ठापना भाऊ किंवा पुतण्या करू शकतो. आजीला न्यूमोनिया झाला तर मात्र त्याला पर्याय नाही.

नेमके किती दिवस थांबायचं?

लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला १ ते ४ दिवस लागतात. लक्षणांच्या एक दिवस आधीपासून ते नंतरच्या ५ ते ७ दिवसांपर्यंत माणूस इतरांना लागण देऊ शकतो. लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले त्याहून जास्त दिवस.

हिशोब असा करा. ताप सोमवारी आला तर सोमवार हा शून्यावा दिवस. शनिवारी पाच दिवस पुरे होतात. तोवर ताप जाऊन, तापाची गोळी न घेता, २४ तास उलटले असतील आणि खोकला ओसरत असेल तर रविवारी निघायला हरकत नाही, मास्क लावून. शनिवारीही ताप असेल तर मोजणी नको, डॉक्टर हवेत.

विमानतळावर तपासणी होते का? मला उतरवू शकतात का?

साथीच्या काळात सरकार ठरवेल त्याप्रमाणे शरीराचं तापमान पाहणारे कॅमेरे किंवा विचारपूस सुरू होते. कॅमेरा फक्त ताप पाहतो. लागण होऊन अजून ताप न आलेला माणूस त्यातून बिनधोक निसटतो, म्हणून "मी तपासणीतून पास झालो" याला फारसा अर्थ नाही.

विमान कंपनी मात्र आजारी दिसणाऱ्या प्रवाशाला नेण्यास नकार देऊ शकते किंवा डॉक्टरांचा दाखला मागू शकते. नुकतेच आजारातून उठला असाल तर नोंदणीकृत डॉक्टरांकडून "विमानप्रवासास योग्य" असा दाखला घ्या. त्यावर तारीख, सही-शिक्का, नोंदणी क्रमांक आणि ताप कधीपासून नाही हे लिहिलेलं असावं. दाखला किती जुना चालतो हे कंपनीगणिक बदलतं. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करा.

प्रवास रद्द केला तर पैसे बुडतात का?

सगळे नाही. "परतावा नाही" असं लिहिलेल्या स्वस्त तिकिटावरही सरकारी कर आणि विमानतळ वापर शुल्क परत मिळण्याचा प्रवाशाला हक्क आहे. हा डीजीसीएचाच, म्हणजे नागरी विमानवाहतुकीच्या सरकारी नियामकाचाच नियम आहे. पण विमान सुटायच्या आत रीतसर रद्द करा, म्हणजे मागे लागणं सोपं जातं. एजंटाकडून काढलं असेल तर त्याच्यामार्फत लेखी मागा. तारीख बदलून मिळत असेल तर आधी तो दर विचारा. सणाच्या दिवसांत भाड्यातला फरक कधीकधी तिकिटाहून जास्त निघतो.

मास्क कोणता?

तुम्ही आजारी नसाल आणि स्वतःला जपायचं असेल तर एन-९५, नाकावरची पट्टी दाबून बसवलेला. श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ येत असेल तर वरून गळतोय. दाढी असेल तर कडेने गळतो. कापडी मास्क इथे अपुरा. खोकला चालू असलेल्याने झडप असलेला एन-९५ वापरू नये, कारण झडपेतून त्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो. त्याला साधा तीन पदरी सर्जिकल पुरतो.

कोकणातली खरी अडचण म्हणजे दमट हवा. पावसात भिजलेला किंवा घामाने ओला झालेला मास्क नीट गाळत नाही आणि गुदमरायला होतं, मग माणूस तो हनुवटीवर ओढतो. एका बाजूच्या प्रवासाला माणशी तीन मास्क घ्या, कोरडे, झिपच्या पिशवीत. सुरक्षेवाले ओळख पटवताना मास्क खाली करायला सांगतात. तेव्हा दोरी धरून काढा, पुढच्या बाजूला हात लावू नका.

कुठली सीट घ्यावी?

खिडकीची. येणारे-जाणारे तुमच्यावर झुकत नाहीत आणि तुम्हीही कमी उठता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात खिडकीजवळच्यांचा इतरांशी जवळचा संपर्क सगळ्यात कमी आढळला. स्वच्छतागृहाजवळची रांग टाळा. वरचा झरोका मध्यम उघडा आणि वारा तोंडावर न घेता तोंडासमोरून मांडीकडे जाईल असा वळवा. पाणी प्यायचं, वडी खायची तर शेजाऱ्याचा मास्क जागेवर असताना. दोघांनी एकाच वेळी काढू नये.

सीट पुसायची गरज आहे का? बॅगेत काय ठेवू?

फ्लूचा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर २४ ते ४८ तास टिकू शकतो, कापडावर त्याहून कमी. हातांवर तो काही मिनिटांतच मरतो, पण तेवढ्यात हात नाकाकडे गेला तर काम झालं. मुख्य मार्ग श्वासाचाच, तरी दोन मिनिटांचं पुसणं फुकट जात नाही. ट्रे-टेबल, हातांचे टेकू, पट्ट्याचं बक्कल आणि झरोक्याचं बटण, एवढंच जंतुनाशक वाइप्सने पुसा. पुसल्यावर पाकिटावर लिहिलेल्या वेळेपर्यंत जागा ओली राहू द्या. लगेच टिश्यूने कोरडी केली तर उपयोग नाही. सॅनिटायझर सीटवर फवारू नका, अल्कोहोल पेट घेतं.

हेलसिंकीच्या विमानतळावर घेतलेल्या नमुन्यांत सुरक्षा तपासणीच्या प्लास्टिक ट्रेंवर, ८ पैकी ४ नमुन्यांत, श्वसनविषाणूंचे अंश सापडले होते. अंश म्हणजे जिवंत विषाणू नव्हे. तरीही मोबाइल ट्रेमध्ये उघडा ठेवण्याऐवजी बॅगेत टाका आणि तपासणी झाली की हात स्वच्छ करा. साबण-पाणी असेल तर २० सेकंद, नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोलचा सॅनिटायझर.

हातातल्या बॅगेत हे असू द्या: १०० मिलीच्या आतली सॅनिटायझरची बाटली, मास्क, जंतुनाशक वाइप्स, डिजिटल थर्मामीटर (पाऱ्याचा केबिनमध्ये नको), पॅरासिटामॉल, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, दम्याचा पंप आणि डॉक्टरांची चिठ्ठी. पंप सामानाच्या बॅगेत टाकणं ही नेहमी होणारी चूक. गरज पडते तेव्हा तो विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात असतो.

शेजारचा सारखा खोकतोय. काय करावं?

आधी त्याला एक मास्क द्या, नीट बोलून. बहुतेक लोक घेतात. नाहीच जमलं तर बटण दाबून कर्मचाऱ्यांना सांगा. ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप आणि सोबत सततचा खोकला, धाप किंवा खूपच आजारी दिसणं अशी लक्षणं असली तर त्यांना ठरलेली पद्धत आहे: रुग्णाला मास्क देणं, जागा असेल तर इतरांपासून दूर बसवणं, एकाच कर्मचाऱ्याने त्याच्याकडे पाहणं, शक्य असल्यास एक स्वच्छतागृह त्याच्यासाठी ठेवणं आणि वैमानिकाने उतरण्याआधी विमानतळाला कळवणं. अशा वेळी उतरल्यावर काही मिनिटं जागेवर बसायला सांगितलं तर बसा आणि संपर्काचा फॉर्म खरा भरा. गावचा पत्ता लिहा, मुंबईचा नको. आरोग्य खातं शोधत येईल ते तुम्ही असाल तिथे.

फक्त सर्दी आहे, ताप नाही. कान दुखतील का?

दुखू शकतात, विशेषतः विमान उतरताना. नाक चोंदलं की कान आणि घसा जोडणारी नळी उघडत नाही आणि पडदा आत ओढला जातो. उतरायला सुरुवात होण्याच्या अर्धा तास आधी नाक मोकळं करणारे थेंब उपयोगी पडतात, पण सलग तीन दिवसांहून जास्त वापरू नका. बीपीवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. उतरताना झोपू नका, गोळी चघळा, गिळत राहा. तान्ह्याला त्या वेळी पाजा.

लस कधी घ्यावी?

निघायच्या किमान दोन आठवडे आधी. संरक्षण तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. आदल्या दिवशी घेतलेल्या लशीचा त्या प्रवासाला उपयोग नाही. भाद्रपदात जायचं तर जुलैच आदर्श. लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो. औषध दुकानदार तीन घटकांची की चार घटकांची, म्हणजे फ्लूच्या तीन प्रकारांवरची की चार, असं विचारेल. चौथा घटक ज्याच्यावर असतो तो बी-यामागाटा हा वंश मार्च २०२० नंतर जगात आढळलेला नाही, त्यामुळे दोन्ही चालतात.

सहा महिन्यांवरच्या मुलांना देता येते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच द्यायची असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. गरोदर बाईला कुठल्याही महिन्यात चालते. आमचं मत विचाराल तर प्रवास करणाऱ्याच्याही आधी गावातल्या आजी-आजोबांचा नंबर लावा.

मुलांचं काय?

दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावू नका. तापात ॲस्पिरिन कधीच नाही, यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा दुर्मीळ पण घातक आजार त्यातून होतो. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीच्या चमच्याऐवजी मोजणीच्या खुणा असलेली सिरिंज वापरा.

घरी पोहोचल्यावर किती दिवस जपायचं?

चार दिवस. आजी-आजोबांच्या जवळ बसताना मास्क, झोपायला ओटी किंवा वेगळी खोली. माजघरात सगळ्यांनी एका रांगेत गाद्या घालून झोपणं या चार दिवसांत टाळा. भजनाला पन्नास माणसं एका खोलीत टाळ वाजवत गातात, तिथे विषाणू बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त उडतो. म्हातारी माणसं दाराजवळ किंवा खळ्यात बसवा. पाऊस तिरका येतो म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेऊ नका. पाऊस लागत नाही त्या बाजूची एक उघडी ठेवा आणि पंखा तिच्याकडे तोंड करून लावा, आतली हवा बाहेर जाईल. ज्याला शिंका येत आहेत त्याने मोदक वळायला बसू नये.

रेल्वेने आलं तर जास्त सुरक्षित का?

ताप असताना कशानेच नाही. नाहीतर खिडक्या उघडणाऱ्या डब्यात हवा चांगली खेळते, पण आठ-दहा तासांची सोबत असते. वातानुकूलित डब्यात शेजाऱ्याजवळचा वेळ विमानाच्या कितीतरी पट होतो.

गावी आल्यावर ताप आला. फ्लूच समजायचं का?

समजू नका. पावसाळ्यातल्या कोकणात ताप म्हणजे लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप), डेंगी किंवा मलेरियाही असू शकतो. शेतात, चिखलात अनवाणी उतरला होता का, पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल आहेत का, लघवी कमी झाली का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टोचं औषध वेगळं आणि वेळेवर लागतं. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात जानेवारी ते मे या काळात जंगलात, काजूच्या बागेत जाऊन आलेल्याला ताप आला तर माकडतापही (गोचिडांमुळे होणारा ताप) डोक्यात ठेवावा लागतो. निदान होईपर्यंत आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, डेंगी निघाला तर रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल, पेज आणि भरपूर पाणी.

फ्लूचं औषध ऑसेल्टामिवीर, मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस कमी होतो. पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर फायदा जास्त, म्हणून साठीपुढचे, गरोदर, मधुमेही, दम्याचे रुग्ण यांनी "दोन दिवस बघू" म्हणू नये. झटपट तपासणी नकारात्मक आली तरी फ्लू नाही असं ठरत नाही. डॉक्टर लक्षणांवरून औषध देतील तर घ्या.

धाप, छातीत दुखणं, ओठ किंवा नखं निळसर, गुंगी, बरळणं, बोटाला लावायच्या मापकावर ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढणं आणि खोकला वाढणं, यातलं एकही दिसलं तर घरी थांबायचं नाही. मुलांमध्ये दूध न पिणं, नाकपुड्या फुगणं, बरगड्यांखाली खड्डा पडणं पाहा. सावंतवाडी किंवा कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय, ओरोसचं जिल्हा रुग्णालय, रत्नागिरीकरांना तिथलं जिल्हा रुग्णालय जवळ पडेल तसं गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करताना वाडीचं नाव आणि मुख्य रस्त्यावरची ओळखीची खूण सांगा, आणि एकाला बॅटरी घेऊन रस्त्यावर उभं करा. पावसाळी रात्री घर शोधण्यातच वेळ जातो.